अंडं तरंगलंच नाही, बाई!

मागच्या अंकात तरंगण्या-बुडण्याचे काही प्रयोग दिले होते. त्यावर आलेली पत्रं समोर घेऊन बसले आहे. ज्यांचे प्रयोग जमले त्यांनी 'जमलं, मजा आली' एवढंच कळवलंय. ज्यांचे फसले त्यांनी मात्र पान पानभर लिहिलंय. पाणी किती होतं, कोण काय म्हणालं, शेवटी काय झालं, सगळं. 27 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हाही मी हेच बघत आले. प्रयोग फसला की मुलं नीट बघायला लागतात. म्हणून या वेळी फक्त फसलेल्या प्रयोगांचीच पत्रं घेतली आहेत.

बाई, पेलाभर पाण्यात तीन चमचे मीठ घालून अंडं सोडलं. ते बुडालं ते बुडालंच. माझी नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, 'आई, हे खोटं आहे.' मला उत्तर देता आलं नाही. मीठ वेगळं लागतं का?
(एक आई)

मीठ घरातलंच चालतं. ते कमी पडलं, आणि त्यात चूक माझी आहे. मी 'मीठ घाला' असं लिहिलं, किती ते लिहिलं नव्हतं.

आता हिशेब करू. एक मिलिलिटर साध्या पाण्याचं वजन जवळपास 1 ग्रॅम. ताज्या अंड्याची घनता साधारण 1.08, म्हणजे तेवढ्याच जागेत अंड्याचा माल 1.08 ग्रॅम. फरक किती थोडा आहे बघा! पण तेवढ्यानं अंडं तळाला जातं. ते वर यायला पाण्याची घनता 1.08 च्या पुढे न्यावी लागते. चहाचा सपाट चमचा भरून मीठ म्हणजे अंदाजे 6 ग्रॅम. तुमच्या तीन चमच्यांनी 250 मिलिलिटर पाणी पोचलं जेमतेम 1.05 पर्यंत. अंडं बुडालं ते बरोबरच होतं. साडेपाच-सहा चमचे घाला.

आणखी एक गोष्ट. मीठ घालून लगेच अंडं सोडू नका. न विरघळलेलं मीठ तळाशी बसून राहतं आणि वरचं पाणी जवळजवळ साधंच असतं. पाणी परत स्वच्छ दिसेपर्यंत ढवळत राहा.

मी असते तर मुलीला आधी अंडं साध्या पाण्यात सोडायला सांगितलं असतं आणि मग एकेक चमचा मीठ घालायला लावलं असतं. प्रत्येक चमच्याला विचारायचं, आता काय होईल? आधी अंडं आडवं पडलेलं असतं. मग एक टोक किंचित उचललं जातं. पुढच्या चमच्याला ते तळावर उभं राहून डुलायला लागतं, आणि मग सावकाश वर निघतं. पाण्याबाहेर कवचाचा छोटा गोल दिसतो, नखाएवढा. आणखी मीठ घातलं की तो मोठा होतो.

हा गोल नेहमी अंड्याच्या बोथट टोकाचा असतो. वर्गातल्या एका मुलीनं मला हे दाखवलं. कितीतरी वर्षं मी तो प्रयोग करत होते, पण माझं लक्ष गेलं नव्हतं. तिनं विचारलं, 'बाई, टोकदार बाजू कधीच वर का येत नाही?' आम्ही अंडं उकडून सोललं. बोथट टोकाशी खळगा होता. तिथे हवेची छोटी पिशवी असते. म्हणून ते टोक हलकं.

मुलीचा रुसवा गेला की हेही करून दाखवा. अर्धा पेला खूप खारट पाणी घ्या, अंडं त्यावर तरंगू द्या. मग चमच्याची पाठ पाण्याला टेकवून तिच्यावरून साधं पाणी अगदी बारीक धारेनं ओता. अंडं आहे तिथेच थांबतं. खाली खारट, वर गोडं, आणि मधोमध अंडं, कशालाही न टेकलेलं. पेला हलवला नाही तर दुसऱ्या दिवशीही ते तिथेच असतं, कारण स्थिर पाण्यात मीठ फार हळू पसरतं. कच्च्या अंड्याला हात लावल्यावर हात साबणानं धुवायला मात्र विसरू नका.

आदरणीय बाई, पेला काठोकाठ भरून त्यात बर्फ तरंगत ठेवला. बर्फ वितळला तरी पाणी सांडत नाही असं नातवाला पैजेवर सांगितलं होतं. वीस मिनिटांनी पेल्याखालचं टेबल ओलं! नातू म्हणतो मी हरलो. खरं काय?
(एक आजोबा)

तुम्ही हरलेला नाहीत. पण नातवाला तसं सांगून उपयोग नाही, त्याला पुरावा हवा.

तोच प्रयोग परत करा. या वेळी पाण्यात शाई किंवा खायचा रंग घालून ते गडद करा. बर्फ ठेवा, वाट बघा. टेबल ओलं झालं की पांढऱ्या कागदानं ते पाणी टिपा. कागद रंगला तर पेल्यातलं पाणी सांडलं. कागद नुसता ओला झाला तर ते पाणी पेल्यातलं नाहीच, हवेतलं आहे. पेल्याच्या गार भिंतीवर हवेतली वाफ थंडावते, थेंब धरतात आणि ओघळतात. तुमच्या टेबलावर तेच झालं असणार. कागद नातवाला टिपू द्या.

आता पाणी का सांडत नाही ते. बर्फाची घनता 0.917. 100 ग्रॅम बर्फाला जागा लागते 109 मिलिलिटर. तरंगताना तो स्वतःच्या वजनाएवढं, म्हणजे 100 मिलिलिटर पाणी बाजूला सारतो, आणि वरचे 9 मिलिलिटर पाण्याबाहेर डोकावतात. वितळला की त्याचं पाणी होतं बरोबर 100 मिलिलिटर. जेवढी जागा अडवली होती तेवढीच भरली.

रंगाचा विषय निघालाच आहे, तर माझा अत्यंत आवडता प्रयोग सांगते. रंगीत पाण्याचा बर्फ करा. दोन पेले घ्या, एकात साधं पाणी, दुसऱ्यात भरपूर मीठ विरघळवलेलं, दोन्ही नेहमीच्या तापमानाचं. दोन्हींत एकेक रंगीत खडा सोडा आणि आधी कोणता वितळेल ते विचारा. बहुतेक जण खारट पाण्याकडे बोट दाखवतात, कारण मिठानं बर्फ वितळतो हे ऐकलेलं असतं. प्रत्यक्षात साध्या पाण्यातला खडा आधी संपतो! कारण डोळ्यांना दिसतं. साध्या पाण्यात वितळलेलं गार पाणी जड असल्यानं रंगीत धाग्यांसारखं खाली उतरतं, आणि त्याच्या जागी कोमट पाणी खड्यापाशी येत राहतं. खारट पेल्यात वितळलेलं गोडं पाणी खालच्या पाण्यापेक्षा हलकं, ते खाली जाऊच शकत नाही. वर रंगीत थर धरून बसतं आणि खडा त्या गार थरात पडून राहतो. हा प्रयोग करताना खोलीत बोलणं थांबतं, असा माझा अनुभव आहे.

मी प्राथमिक शाळेत शिकवतो. मध, पाणी आणि तेलाचे थर दाखवताना एक विद्यार्थी अडून बसला. 'तेल पाण्यापेक्षा दाट आहे, मग ते खाली जायला हवं.' 'तेलाची घनता कमी आहे' एवढंच मला सांगता आलं, ते त्याला पटलं नाही. थरही नीट झाले नाहीत.
(एक शिक्षक)

तुमचा विद्यार्थी चांगला विचार करतोय. गोंधळ आपल्या शब्दांतला आहे. मराठीत 'घन' आणि 'दाट' जवळजवळ सख्खी भावंडं, घनदाट अरण्य म्हणतोच आपण. मग 'घनता' म्हणजे दाटपणा असं मुलानं समजावं यात नवल नाही. पण तेलाचा दाटपणा म्हणजे ते सावकाश ओघळतं, एवढंच. घनता म्हणजे ठरावीक जागेत किती माल भरलाय ते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध ओघळतोही सावकाश आणि जडही असतो, म्हणून त्याच्यामुळे गोंधळ आणखी पक्का होतो. पारा उलट टोकाचा. तो झरझर वाहतो, पण त्याची घनता 13.6, लोखंडसुद्धा त्यावर तरंगतं. (पारा कृपा करून शाळेत किंवा घरी आणू नका, त्याची वाफ विषारी असते. तोंडी सांगितलं तरी पुरे.)

पटवायचं असेल तर वजनकाटा काढा. एकच छोटी बाटली, एकच खूण. खुणेपर्यंत पाणी भरून वजन करा, मग तेल, मग मध. दर वेळी रिकाम्या बाटलीचं वजन वजा करायचं. 100 मिलिलिटरची खूण असेल तर पाणी 100 ग्रॅमच्या आसपास, तेल 92 च्या आसपास, मध 140 च्या आसपास भरेल. आकडे त्या मुलालाच फळ्यावर लिहू द्या.

थर बिघडतात ते ओतताना. मध आधी, पेल्याच्या मधोमध, कडांना न लावता. पाणी चमच्याच्या पाठीवरून. तेल कसंही ओतलं तरी शेवटी वर येतं. पाण्यात रंग घाला, तेलात नको. खायचा रंग तेलात विरघळत नाही, त्याचे थेंब तेलातून खाली पाण्यात उतरतात आणि तिथे फुटतात. तो स्वतंत्र प्रयोग म्हणून छानच आहे. मध आणि पाणी काही तासांनी एकमेकांत मिसळू लागतात, तेव्हा थर तासाच्या सुरुवातीला करा आणि त्याच तासात बघून घ्या.

बाई, प्लॅस्टिसिनचा गोळा बुडतो आणि त्याचीच होडी तरंगते. वजन तेवढंच, प्लॅस्टिसिन तेच. मग घनता बदलली का? आमच्या वर्गात दोन गट पडलेत.
(सातवीतली वाचक)

दोन्ही गटांना आपापल्या बाजूनं बोलू दे, पण आधी हे करून बघा. होडी तरंगत असताना बोटानं एका बाजूनं दाबून तिच्यात पाणी भरू द्या. ती गोळ्यासारखीच तळाला जाईल. म्हणजे प्लॅस्टिसिनची घनता बदलली नव्हती. होडीच्या पोटातली हवा गेली.

आता आकडे घे. समज, तुझा गोळा 100 ग्रॅमचा आहे आणि त्याला जागा लागते 60 मिलिलिटर. पूर्ण बुडाला तरी तो 60 मिलिलिटरच पाणी सारतो, म्हणून पाणी त्याला 60 ग्रॅमाएवढंच वर ढकलतं. 40 ग्रॅम कमी पडले, गोळा खाली गेला. त्याचीच पसरट होडी केलीस की ती थोडी पाण्यात शिरल्यावरच 100 मिलिलिटर पाणी सारते आणि तिथे थांबते. काठ अजून पाण्यावर असेल तर वर माल ठेवायलाही जागा राहते. मालासाठी एकसारखे मणी किंवा लोखंडी नट घे, आणि किती मावले ते मोज. बहुतेक होड्या जास्त मालानं नाही, माल एका बाजूला ठेवल्यानं बुडतात.

मोठ्या जहाजांवर मात्र मालही जास्त होऊ नये म्हणून त्यांच्या कुशीवर भाराच्या रेघा काढलेल्या असतात. सॅम्युएल प्लिमसॉल या ब्रिटिश खासदारानं जीव तोडून पाठपुरावा केला, तेव्हा 1876 च्या कायद्यानं अशी रेघ ब्रिटिश जहाजांना सक्तीची झाली. त्याआधी जहाजं वाट्टेल तेवढी लादली जात आणि खलाशी जिवाला मुकत. आजच्या खुणांमध्ये गोड्या पाण्याची रेघ समुद्राच्या पाण्याच्या रेघेपेक्षा वर असते. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे 1.025, म्हणून तेच जहाज नदीत आलं की थोडं जास्त खोल बसतं. तुझी होडी आधी साध्या आणि मग खारट पाण्यात ठेवून काठापर्यंतचं अंतर मोजून बघ.

सुई पाण्यावर तरंगते हे पुस्तकात वाचलं. लोखंडाची घनता पाण्याच्या जवळजवळ आठपट. मग हे कसं?
(एक वाचक)

याचा घनतेशी संबंध नाही. सुई पाण्याच्या पृष्ठताणावर टेकलेली असते, म्हणजे पाण्याचा वरचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा तिला धरून ठेवतो. ओळखायची खूण सोपी आहे. लाकडाचा तुकडा बोटानं खाली दाबून सोडला तर परत वर येतो. सुई दाबली तर येत नाही. आणि पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला की सुई लगेच खाली जाते.

आम्ही बाटलीतला पाणबुड्या केला. ड्रॉपरमध्ये थोडं पाणी घेऊन तो पाण्यानं भरलेल्या बाटलीत सोडला. बाटली दाबली की खाली, सोडली की वर. रात्री मस्त चालला, सकाळी बघतो तर तळाशी, आणि काही केल्या वर येईना. बिघडलं काय?
(दोघे भाऊ)

काहीच बिघडलेलं नाही, तुम्ही तो फार अचूक केलात! पाणबुड्याच्या पोटातला हवेचा बुडबुडा त्याला तोलून धरतो. बाटली दाबली की बुडबुडा आकसतो, आत पाणी शिरतं, ड्रॉपर जड होतो. रात्री गारव्यानंही बुडबुडा थोडा आकसतो, शिवाय त्यातली थोडी हवा पाण्यात विरघळते. तुमचा पाणबुड्या तरंगण्या-बुडण्याच्या अगदी सीमेवर होता, तेवढ्यानं तो गेला. बाटली कोमट पाण्यात उभी करून थोडा वेळ थांबा. नाहीच आला तर ड्रॉपर काढून त्यातले एक-दोन थेंब कमी करा. हा पाणबुड्या देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या नावानं ओळखला जातो, पण त्याचं वर्णन 1648 मध्ये छापलं ते राफाएल्लो माजोत्ती या इटालियन माणसानं.

मुलाला दगडाची घनता काढायची होती. दगड 135 ग्रॅमचा. काठोकाठ भरलेल्या भांड्यात सोडून सांडलेलं पाणी मोजलं, तर तीन वेळा तीन उत्तरं: 64, 40 आणि 48 मिलिलिटर. कोणतं धरायचं?
(एक बाबा)

यांतलं कोणतंच धरू नका. काठोकाठ भरलेल्या भांड्यात पाणी काठाच्याही वर फुगून राहतं. कधी ते फुगलेलं पाणी दगडाबरोबर सगळंच बाहेर येतं, कधी थोडं भांड्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटून राहतं. आर्किमिडीजनं सांडलेल्या पाण्यावरून मुकुटातली भेसळ ओळखली ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. ती आपल्याला व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदानं सांगितली, आर्किमिडीजनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. गॅलिलिओला सांडलेल्या पाण्याची ही रीत ढोबळ वाटली होती. 1586 मध्ये, 22 व्या वर्षी, त्यानं पाण्यात बुडवून तोलायच्या तराजूवर छोटा लेखच लिहिला. आपल्याकडे तर डिजिटल वजनकाटा आहे.

काट्यावर पाण्याचं भांडं ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. दगडाला बारीक दोरा बांधा. दोरा हातात धरून दगड पूर्ण पाण्यात बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा काहीतरी दाखवेल. समजा, 50 ग्रॅम. तेच दगडाचं आकारमान, 50 मिलिलिटर. 135 भागिले 50, घनता 2.7.

मुलगा विचारेल, दगड तर मी धरलाय, मग काट्यावर वजन कुठून आलं? तेव्हा त्याला दोऱ्याकडे लक्ष द्यायला सांगा. दगड पाण्यात शिरताना हाताला हलका लागतो. पाणी दगडाला 50 ग्रॅमाएवढं वर ढकलतं आणि दगड पाण्याला तेवढंच खाली. खालचं ढकलणं काट्याला कळतं, उरलेले 85 ग्रॅम हाताला. मग दगड तळाला टेकवून दोरा सैल सोडा. आकडा सरळ 135 वर जातो. हा आकडा चढताना मी शेकडो वेळा पाहिला असेल, अजूनही बघत राहावंसं वाटतं.

तरंगणाऱ्या वस्तूंनाही हीच रीत चालते. लाकडाचा तुकडा पाण्यावर सोडला की काटा त्याचं सगळं वजन दाखवतो, समजा 30. मग सुईच्या टोकानं तो जेमतेम पाण्याखाली दाबा. आकडा 50 झाला तर ते त्याचं आकारमान. घनता 0.6. वस्तू फार लहान नको, 1 ग्रॅमच्या चुकीनं तिचं उत्तर बरंच बदलतं. 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा मिळाला तर उत्तम.

तसा काटा हाती आला तर पहिल्या पत्रातल्या मुलीनंही हे करावं असं मला फार वाटतं. तिचं अंडं बारीक तारेच्या कडीत अडकवून पाण्यात सोडायचं. वजन 58 ग्रॅम आणि पाण्यातला आकडा 54 असं काहीतरी येईल. दोन्ही आकडे वहीत लिहायचे, अंडं पुसून फ्रिजबाहेर ठेवायचं आणि दर दोन-तीन दिवसांनी परत मोजायचं. कवचाच्या बारीक छिद्रांतून आतलं पाणी वाफ होऊन जात असतं, त्या जागी हवा शिरते. म्हणून पहिला आकडा हळूहळू उतरत जाईल. दुसरा तेवढाच राहील, कारण कवच काही लहान होत नाही. धीर धरावा लागेल, आठवडे जातील. पण पहिला आकडा दुसऱ्याच्या खाली गेला की ते अंडं साध्या पाण्यात, एक चिमूटही मीठ न घालता, वर येईल. ते फोडू नका, तसंच टाकून द्या. वही मात्र मला पाठवा.